जोहारचं भाषांतर

फाल्गुन सरत आला की आमच्या गल्लीतले आवाज बदलतात. संध्याकाळचा क्रिकेटचा आरडाओरडा बंद होतो आणि गच्च्यागच्च्यांवरून पाठांतर सुरू होतं. कुणी इतिहास घोकत असतं, कुणी रसायनांची नावं. खाली कडुनिंबाला बारीक पांढरी फुलं आलेली असतात आणि त्यांचा कडसर गोड वास दुपारच्या झळांबरोबर घरात शिरतो. नळाला पाणी कधी येणार याची चौकशी दारोदार चाललेली असते. पस्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे असेल, या दिवसांत मला अजूनही पहाटे उगाच जाग येते. परीक्षा माझी नसते, तपासायचे गठ्ठेही आता घरात नसतात, तरी येते.

गेल्या आठवड्यात मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते आणि शेजारची सई पुस्तक घेऊन फेऱ्या मारत होती. तिला इंग्रजीला एक कविता आहे, समुद्रापलीकडच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांची. तिनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली. पोरगी गुणी आहे, वाचताना तिचे डोळे भरून आले. मग नाक पुसून म्हणाली, "किती सॅड आहे ना, आजी? बरं झालं, आपल्याकडे असलं काही नव्हतं."

मला तिथल्या तिथं बोलता आलं असतं. हात कुरडयांच्या चिकानं भरले होते, तोंड तर मोकळं होतं. पण मी म्हटलं, वाच बाळा, परीक्षा जवळ आलीय. आणि खाली येऊन पंख्याखाली बसले तेव्हा लक्षात आलं, की अशाच एका परीक्षेच्या मोसमात, अशाच एका कवितेपाशी, मी हेच केलं होतं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःला मोठी हळवी समजत होते. त्या मोसमात मी एका मुलीचं लिहिणं बंद पाडलं. रागावून नाही, हिणवून नाही. शुद्धलेखन तपासून.

बहात्तरचा मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे आणि आम्ही औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. मी एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मराठीत चार ओळी बऱ्या लिहिते अशी ख्याती झाल्यामुळे वार्षिक अंकाचा मराठी विभागही माझ्याच गळ्यात होता. परीक्षा तोंडावर आली की वर्ग सकाळी भरायचे. छावणी भागातली मुलं सायकली हाणत यायची, खेड्यापाड्यांतली होस्टेलातून चालत. दहा वाजता खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर शिपाई पाणी मारायचा आणि त्या वासात मी कविता शिकवायचे.

आमच्याही पुस्तकात एक गुलामाची कविता होती. दूरदेशीचा कापसाचा मळा, त्यावर राबणारा एक म्हातारा. तो रोज उजाडताना मालकाच्या घरासमोर येतो, पायऱ्यांपासून लांब उभा राहतो आणि एकच शब्द म्हणतो. मी आलोय, हुकूम सांगा, असा त्याचा अर्थ. सबंध कवितेत तो दुसरं काही बोलत नाही. शेवटी एका सकाळी तो शब्द ऐकू येत नाही, तेव्हा मालकाला कळतं की म्हातारा मेला.

मी ती जीव ओतून शिकवली. कापूस वेचून वेचून त्या माणसांच्या बोटांचं काय होत असेल याचं वर्णन करताना मी पुस्तक मिटून ठेवलं. समोर निम्मा वर्ग पैठण आणि गंगापूर तालुक्यांतला. दर दिवाळीनंतर वेचणीला जाऊन आलेली ती मुलं, आणि उभ्या जन्मात एक बोंडही न वेचलेली मी त्यांना कापूस समजावून सांगत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच सांगितलं, की बाई, वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी लागतात, तळव्याला नाही. मी तिला शाबासकी दिली आणि पुढं गेले.

ती शेवंता. पाचोडच्या पलीकडच्या एका गावची. दोन साड्या आलटून पालटून नेसायची, मान खाली घालून लिहायची. अक्षर टपोरं, ओळ सरळ. ती गावाबाहेरच्या वस्तीतली आहे हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तसं बोलत नव्हतं. न बोलणं हाच आमचा मोठेपणा होता.

ही कविता मराठीत करून अंकात छापावी, असं माझ्या मनानं घेतलं. तालीम म्हणून मी वर्गालाच विचारलं, म्हातारा म्हणतो त्या शब्दाला मराठीत काय म्हणाल? कुणी म्हणालं, जी हुजूर. निजामाच्या मुलखातली मुलं, त्यांना ते आधी सुचणार. कुणी म्हणालं, हो मालक. एक जण 'यस सर' म्हणाला आणि सगळे हसले. मग शेवंता उभी राहिली. वर्गात आपण होऊन ती उभी राहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"जोहार," ती म्हणाली.

हसू विझलं. बाहेर शिपायाची बादली वाजली तेवढाच आवाज. त्या एका शब्दानं कविता समुद्र ओलांडून आमच्या वर्गात आली होती आणि पायऱ्यांपासून लांब उभी राहिली होती. हे मला त्या क्षणीच कळलं होतं. शब्द नेमका होता. त्याहून नेमका शब्द मराठीत नव्हता आणि आजही नाही.

पण ती शांतता मला सोसेना. शिक्षकाला वर्गातली शांतता सोसायला शिकावं लागतं, ते मी तेव्हा शिकले नव्हते. मी हसून म्हटलं, अरे हो, या शब्दाची तर आमच्या घरी एक गंमतच आहे. आणि आमच्या घरात लग्नकार्यात, पंगतीत, दरवेळी सांगितली जाणारी ती गोष्ट मी वर्गाला सांगितली.

आजोबांकडे गावचं कुलकर्णीपण होतं. मी पाच-सहा वर्षांची असताना सुट्टीत तिथं जायचे. रोज सकाळी एक वाकलेला माणूस अंगणाच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, जोहार. मग आतून कुणीतरी म्हणायचं, जोहार आला गं, भाकरी टाका त्याला. मला वाटलं, त्याचं नावच जोहार. एके दिवशी मी ओट्यावरून त्याला हाक मारली, जोहारकाका, आज उशीर का केला? सगळं घर हसून लोळलं. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो माणूसही खाली बघून हसला, असं आमच्याकडे नेहमी सांगायचे.

वर्ग हसला. ज्यांनी हसायला नको होतं तेही थोडे हसले. शेवंता तोवर खाली बसली होती आणि वहीच्या कडेला पेन्सिलीनं रेघा ओढत होती. मी फळ्यावर लिहिलं, होय धनी.

आज त्या गोष्टीतलं मला काय खुपत असेल तर ते घरादाराचं हसणं नव्हे. तो माणूस दारात उभा राहिला त्या प्रत्येक सकाळी त्याला एक नाव होतं. माझ्या चुकीनंतर तरी कुणी मला जवळ घेऊन सांगायचं, की बाळ, त्याचं नाव अमुक आहे. कुणी सांगितलं नाही. कदाचित कुणाला माहीत नसेल. आता विचारायला त्या घरातलं कुणी उरलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मुलांना सांगितलं, या कवितेविषयी तुम्हाला जे वाटलं ते एक पान मराठीत लिहून आणा, त्यातलं चांगलं ते अंकात घेऊ. वीसपंचवीस पानं आली. सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं. अंगावर शहारे आले होते, हृदय पिळवटून निघालं होतं, गोऱ्या मालकांना माणुसकी कशी ती नव्हती, आणि आपली संस्कृती सहिष्णू असल्याचा अभिमान वाटला होता. मी ती पानं कौतुकानं वाचली. मुलांच्या अश्रूंचा मला कोण आनंद झाला होता. ते अश्रू स्वस्तात पडले होते हे ध्यानात आलं नाही.

शेवंताचं पान पाऊणच भरलेलं. ते मला आजही पाठ आहे.

"ही कविता वाचून मला वाईट नाही वाटलं. वळखीची वाटली. माझ्या आज्याचं नाव सटवा. गावात ते कुणाला माहीत नाही. तो रोज पाटलाच्या आन् कुलकर्ण्याच्या दारी जातो आन् जोहार म्हणतो. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. जोहार पण गेला असं आज्याला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं तर आजा म्हणला, म्हणलो नाय तर त्यांना कसं कळंल मी आलो म्हणून."

मी लाल पेन घेतलं. खरं सांगायचं तर पान वाचून मला धडकी भरली होती, आणि धडकी भरल्यावर मास्तर माणूस जे करतो ते मी केलं. 'वळखीची' खोडून 'ओळखीची' केलं. 'आन्' ठिकठिकाणी 'आणि' केलं. 'म्हणला'चं 'म्हणाला', 'नाय'चं 'नाही', 'कळंल'चं 'कळेल'. 'आजा' जिथं जिथं होता तिथं वर 'आजोबा' लिहिलं. पानाखाली शेरा दिला: भावना चांगली. परंतु कवितेविषयी लिहावे.

दोन दिवसांनी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटल्याशिवाय आली नाही. पान हातात होतं, घडी न घातलेलं. शुद्धलेखनाच्या बाकीच्या चुका तिला मान्य होत्या. एका शब्दावर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई, आजोबा केलं की तो आमचा आजा राहत नाय."

मी तिला समजावलं. अंक सगळ्या जिल्ह्यात जातो, तुझ्या पानाला कुणी हसू नये म्हणून सांगते. बोली बोलीच्या जागी, छापायची भाषा वेगळी. आणि हे पान फार घरचं झालं, त्यात कविता येऊ दे, तो दूरचा गुलाम येऊ दे. सोमवारपर्यंत नीट लिहून आण. हे सगळं मी मऊ आवाजात सांगितलं. मऊ आवाजाचा मला त्या काळी फार भरवसा होता.

"व्हय," ती म्हणाली आणि पान घेऊन गेली.

सोमवारी ती आली नाही, मंगळवारी आली ती पान न घेता. मी विचारलं नाही. इथं एक गोष्ट मला लिहायलाच हवी, नाहीतर हा सगळा खटाटोप खोटा ठरेल. तिनं पान आणलं नाही याचं मला मनातून हायसं वाटलं होतं. आणलं असतं तर मला निर्णय घ्यावा लागला असता. अंक माझ्या वडिलांच्या हातात जाणार होता, त्यांच्या कचेरीतल्या मित्रांच्या हातात जाणार होता. पाटलाच्या आणि कुलकर्ण्याच्या दारी, हे वाक्य माझ्या संपादनाखाली छापून आलेलं त्यांना दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

परीक्षा झाली. चैत्रातल्या त्या सकाळी मी पर्यवेक्षणाला होते. शेवंता तिसऱ्या रांगेत खिडकीशी. कवितेवर प्रश्न आला होता, गुलामाच्या दुःखाचं वर्णन करा. ती न थांबता लिहीत होती. मी मागून जाताना डोकावले. मी शिकवलेलं सगळं तिनं ओळीनं उतरवलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

जुलैत अंक आला. माझं भाषांतर पहिल्या पानावर, त्याखाली ठळक टायपात माझं नाव. पुढं चार मुलांचे प्रतिसाद, सगळे शुद्ध. वडिलांचे एक जुने स्नेही कचेरीतून मुद्दाम घरी आले. त्यांनी कविता मोठ्यानं वाचली, उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, त्या गोऱ्यांना काळीज म्हणून नव्हतंच, बघा. आई चहा घेऊन आली. आमच्या मोरीच्या कोनाड्यात तेव्हा एक कानतुटकी कपबशी वेगळी ठेवलेली असायची आणि ती कुणासाठी हे सांगावं लागत नसे. त्या संध्याकाळी ती तिथंच होती. मी येताजाता पाहत होते आणि माझ्या भाषांतराचं कौतुक ऐकत होते.

शेवंता चांगल्या मार्कांनी पास झाली आणि कॉलेजातून गेली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्याचं कानावर आलं, पुढं मुख्याध्यापक झाल्याचंही. दरम्यानच्या वर्षांत तिच्या वस्तीसारख्या वस्त्यांतून आलेल्यांनी लिहायला सुरुवात केली, आपल्याच बोलीत, आपल्याच आज्याविषयी. मराठी वाचणारे लोक हादरले. मीही हादरले, पुढं ती पुस्तकं शिकवलीसुद्धा. वर्गात ती वाचताना दरवेळी मला वाटायचं, पुढच्या पानावर सटवा भेटेल. तो कुठंच भेटला नाही.

सईचं ते वाक्य ऐकून आल्यावर दोन दिवस मला जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवला आणि फोन केला. शेवंता निवृत्त होऊन हर्सूलला मुलाकडे राहते. माझा आवाज तिनं लगेच ओळखला, या म्हणाली. रिक्षानं गेले. ऊन चढलं होतं. तिच्या दारात मोगऱ्याच्या कुंड्या, आत पुस्तकांचं एक कपाट. तिनं मला खुर्चीत बसवलं, कैरीचं पन्हं दिलं आणि स्वतः समोर बसली. केस सगळे पांढरे. वयात सहा-सात वर्षांचंच अंतर, पण 'बाई' म्हणणं तिनं सोडलं नाही.

मी आडवळणं न घेता सांगितलं, की ते पान परत करताना माझं चुकलं होतं. मी भित्री होते. ओळी मला पाठ आहेत, पण ते पान तुझ्याकडे असेल तर मला तेच हवंय, जसंच्या तसं. कुठंतरी छापू, माझ्या चुकीसकट.

तिनं पान नाही म्हणून सांगितलं, कुठं गेलं ते आठवत नाही. मग तिनं माझा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. बोलली ते इतकं स्वच्छ मराठी होतं की मला ते ऐकवेना. "त्यानंतर मी कायम शुद्ध लिहीत आले, बाई. अर्ज, अहवाल, मुलांचे दाखले. दुसरं काही कधी लिहिलं नाही. राग होता असं नाही. लिहायला बसलं की प्रत्येक शब्दावर दुसरा शब्द दिसायचा."

मला रडू आलं. ते अडवायचा मी प्रयत्न केला नाही आणि तिनंही ते पुसायला हात पुढं केला नाही. पुसावं असं तिला का वाटावं.

जरा वेळानं मी विचारलं, तुझ्या आजोबांना, आणि थांबून दुरुस्त केलं, तुझ्या आज्याला हे माहीत होतं का? तू त्याच्यावर लिहिलं होतंस ते?

माहीत होतं, ती म्हणाली. कॉलेजात द्यायच्या आधी तिनं पान त्याला वाचून दाखवलं होतं. तुझं नाव पुस्तकात छापून येणार, असं सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं ते सगळ्या वस्तीला सांगितलं. नंतर ती गावी गेली की तो आधी तेच विचारायचा, आलं का. जुलैत अंक घेऊन ती गेली तेव्हा तो लिंबाखाली बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं, डोळेही अधू झाले होते. तिनं अंक त्याच्यासमोर उघडा धरला आणि आपलं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, छापलेलं वाचतेय असं. बोली तशीच ठेवून.

"खूश झाला," शेवंता म्हणाली. आणि मग पहिल्यांदाच तिच्या तोंडी जुनी भाषा आली, कारण ती त्याची होती. "म्हणला, जोहार कुठं लिवलाय त्यो दाव. मंग मी त्याचं बोट धरलं आन् ठिवलं एका शब्दावर."

कुठल्या, मी विचारलं.

"तुमच्या नावावर, बाई. पहिल्या पानावर ते एकच ठळक होतं. दुसरं बारीक त्याला दिसलं नसतं."

त्या नावावरून बोट फिरवत तो दिवस कलेपर्यंत बसून होता, असं तिनं सांगितलं.